घरातलं लोखंड

सकाळी साडेसातच्या सुमारास यंत्र पहिल्यांदा वाजलं. वनरक्षक छाया नन्नावरे गुडघ्यांवर बसली, तिनं खुरप्यानं माती उकरली आणि सोड्याच्या बाटलीचं गंजलेलं झाकण वर आलं.

"हे नाही," ती म्हणाली. झाकण तिनं खिशात टाकलं.

तिच्या मागे उभ्या असलेल्या मैनाबाई सिडामनं मान पुढे काढून पाहिलं. "अवं, हे तं नामाच्या दुकानापुढचं. तिथंच फेकत होते पोट्टे. म्हणजे आपण दुकानापाशी हाओ. आमचं घर आणखी तिकडं, बोअरिंगच्या आंगं."

ती बोट दाखवत होती तिकडे बोअरिंग नव्हतं. कमरेइतकं गवत होतं आणि त्याच्या पलीकडे चितळांचा कळप माना वर करून आमच्याकडे बघत होता.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा मी चंद्रपूरला एका दैनिकात होतो. वनखात्यानं नवीन धातुशोधक यंत्रं आणली होती. शिकारी लोक पाणवठ्यांच्या वाटांवर तारेचे फास लावतात, लोखंडी जबड्याचे सापळे मातीत पुरतात. ते शोधायला वनरक्षक ही यंत्रं घेऊन पायी फेरी मारतात. अशा एका फेरीची बातमी करायला मी गेलो होतो. त्या दिवशीची फेरी पिंपरडोहच्या मैदानात होती. मैदान म्हणजे पूर्वीचं गाव. व्याघ्र प्रकल्पाच्या आत असल्यामुळे ते त्याच्या चार वर्षं आधी उठवून हमरस्त्याच्या कडेला नेलं होतं. लोक गेल्यावर जेसीबीनं घरं सपाट केली, वर गवताचं बी टाकलं. एक चिंच राहिली, शाळेचा चौथरा राहिला, आणि विहिरीवर लोखंडी जाळी बसवली होती.

मी नाक्यावर पोचलो तेव्हा जीपमध्ये मैनाबाई आणि तिचा नवरा झितरू आधीच बसलेले होते. अशा ठिकाणी कुणाला आत नेत नाहीत. छायानं साहेबांकडून त्यांच्यासाठी एका फेरीपुरती परवानगी काढली होती.

"पेपरात हे लिहू नका," ती मला म्हणाली. "तुमची बातमी फासांची."

"यांचं काय काम आहे?"

"त्यांनाच विचारा."

मैनाबाईला विचारावं लागलं नाही. गाडी हलली तशी ती बोलायला लागली.

"सुनेचे दोन गेले जी. एक पाचव्यात, एक सातव्यात. आता तिसरा हाये, सहावा लागला."

"डॉक्टरला दाखवता ना?"

"दाखवतो तं. गोळ्या खाते, सुया घेते, फोटो काढते. डॉक्टर म्हणते सगळं बरोबर हाये. सगळं बरोबर हाये तं मंग जाते कायले?"

 याचं उत्तर तिच्या गावच्या भुमकाकडे, म्हणजे पुजाऱ्याकडे होतं. पिंपरडोहला नवं घर उभं राहिलं की भुमक त्याच्या चारी कोपऱ्यांत लोखंडी खिळे ठोकून द्यायचा. याला घर बांधणं म्हणत. एकदा घर बांधलं की बाहेरचं काही आत येत नाही. सोडताना खिळे काढून बरोबर न्यायचे, नव्या घराला ठोकायचे.

"आमी निंघालो त भांडे नेले, छपरावरचे कवेलू नेले, कोंबड्या नेल्या. खिळे राह्यले. सायेब म्हणे गाडी आली, बसा. कोणाच्या ध्यानात राह्यते? आता भुमक म्हणते, जुनं घर सुटलं नाई तं नवं घर धरत नाई. जा म्हणे, घरातलं सगळं लोखंड काढून आणा. एक बी राह्यलं तं जमत नाई."

झितरू पुढच्या सीटवर होता. सत्तरीचा, खांदे अजून रुंद. तो मागे न वळता म्हणाला, "जमिनीत लय लोखंड असते. यंत्राले काय समजते कोणतं कोणाचं."

"बाबा, यंत्राला नाही समजत, मला समजते," छाया म्हणाली. "सपाट पत्रा खरखर वाजतो. उभा खिळा एकदाच वाजतो, टिक् करून."

"राहू दे ना पण. गेलं ते गेलं."

"ह्याइचं असंच हाये," मैनाबाई मला म्हणाली. "नातू पायजे, पण उठाले नोको."

नाला ओलांडल्यावर तिनं गाडी थांबवायला लावली. वाटेच्या कडेला मोहाचं एक जुनं झाड होतं. ती उतरली, पिशवीतून औषधाची लहान बाटली काढली आणि झाडाच्या बुडाशी थोडं दूध ओतलं. थोडं राखून बूच लावलं. परत येऊन बसताना म्हणाली, "माई पयली तिथं हाये. चार दिवसांची होती. दूधपित्या लेकराले आमच्यात मोहाखाली ठेवते. मोहाले दूध असते ना, तो पाजते."

गाव सोडताना तिनं त्या बुडाची ओंजळभर माती फडक्यात बांधून नेली होती. नव्या घराच्या अंगणात तिचा लहानसा ओटा केला होता.

"खिळे इसरलो, माती नाई इसरली," ती म्हणाली.

झितरू काचेतून समोर पाहत होता.

मैदानात पोचल्यावर तो चिंचेखाली जाऊन बसला आणि आम्ही तिघं पुढे निघालो. छायाच्या हातातला दांडा, त्याच्या टोकाची थाळी आणि तिच्या गळ्यातली पेटी यांचा मिळून एक हलका गुणगुणता आवाज सतत येत होता. यंत्र सारखं वाजायचं. सायकलची आरी निघाली. दाढीचं पातं निघालं. बैलाच्या गळ्यातलं एक घुंगरू निघालं, ते मैनाबाईनं कानापाशी नेऊन हलवलं. आतली गोळी मातीनं भरली होती, वाजलं नाही. "हे दादाजीच्या ढवळ्याचं असंन," ती म्हणाली. प्रत्येक वस्तूला तिच्याकडे मालक होता. मी नावं लिहून घेत होतो; कशासाठी, ते मला माहीत नव्हतं.

बोअरिंगचा सिमेंटचा ओटा गवतात पायाला लागला. मैनाबाई त्यावर उभी राहिली, तोंड चिंचेकडे केलं, मग थोडं डावीकडे वळली.

"हं. आता सरळ. पाण्याचा हंडा घेऊन चालाले लागली का पाय आपोआप जाते."

ती निघाली. डोक्यावर हंडा असल्यासारखी मान ताठ होती. गवतात एका जागी ती थांबली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "इथं पाह्य बाई."

यंत्र टिक् करून वाजलं.

खिळा वीतभर लांब होता. लोहारानं घडवलेला, चौकोनी अंगाचा, डोकं ठोकून चपटं झालेलं. मैनाबाईनं तो पदरानं पुसला आणि पदराच्या टोकात बांधला.

"हा चुलीकडला कोपरा. आता ह्याच्या सोबतचा दाराकडं असंन."

तोही मिळाला. खिळा निघालेल्या जागी छाया एकेक काडी रोवत होती. दोन काड्या झाल्या आणि घर दिसायला लागलं. म्हणजे मैनाबाईला दिसायला लागलं. मी तिसऱ्या कोपऱ्याची जागा जवळून बघावी म्हणून सरळ चालत गेलो, तर ती ओरडली.

"पेपरवाले भाऊ, भिंतीतून येऊन राह्यले तुमी!"

मी थांबलो.

"दार तिकडं हाये. या असे. आन् वाकून या, चौकट ठेंगणी हाये."

छाया हसली. मीही हसलो, पण वळसा घालून दारातून गेलो. वाकलोही. नंतर लक्षात आलं, मैनाबाई स्वतः एकदाही भिंतीच्या रेषेवरून गेली नव्हती. प्रत्येक वेळी ती दाराशी यायची, उंबऱ्याच्या जागी पाय उचलायची आणि मग आत यायची. आतलं सगळं तिनं मला दाखवलं. इथं चूल. इथं पाण्याच्या घागरी. इथं मुलगा वसंता पहिल्यांदा पालथा पडला. मागच्या खोलीत धानाची कोठी, आणि कोठीच्या बाजूला तिचं अंथरूण.

तिसरा खिळा गोठ्याच्या अंगाला निघाला. चौथा निघेना.

जिथं असायला हवा होता तिथली माती रानडुकरांनी नांगरून काढली होती. छायानं ती जागा आडवी तपासली, उभी तपासली. उन्हं चढली. पर्यटकांच्या गाड्या या बाजूला येण्याआधी आम्हाला निघायचं होतं.

चिंचेखालून झितरू म्हणाला, "चाला. तीन भेटले. एक डुकरानं नेला."

"तिनात होत नाई," मैनाबाई म्हणाली.

"भुमकाले सांगू डुकरानं नेला म्हणून."

"भुमकाले सांगाल. पोटातल्याले कोण सांगन?"

छायानं घाम पुसला. "आजी, जेसीबीनं भिंत आतल्या बाजूला पाडली असेल. खिळा ओढला गेला असेल आत. मी घरातून बघते एकदा."

ती दारातून आत आली. आम्हाला बघून तिलाही ती सवय लागली होती. चुलीवरून, घागरींवरून थाळी फिरवत ती मागच्या खोलीत गेली. आणि तिथं, भिंतींपासून बरंच आत, यंत्र वाजलं. खरखर नव्हती. टिक्.

"सापडला," मी म्हणालो.

छाया खुरपं घेऊन खाली बसायला लागली तेवढ्यात झितरू उठला. सकाळपासून पहिल्यांदाच तो आमच्याकडे आला. त्यानं वळसा घेतला नाही. भिंतीतून सरळ आत आला आणि त्या जागेवर पाय देऊन उभा राहिला.

"तिथं नोको."

छायानं वर पाहिलं. "काय झालं बाबा?"

"नोको म्हणतो ना."

"वसंताचे बाबा," मैनाबाई म्हणाली, "पाय काढा."

"हा तुमचा चवथा नोहे."

"मंग कोणता हाये?"

 छायानं माझ्याकडे पाहिलं, खुरपं तिथंच ठेवलं, यंत्र उचललं आणि बाहेरच्या नांगरलेल्या मातीकडे निघून गेली. मीही जायला हवं होतं. मी गेलो नाही. तो माझ्या धंद्याचा भाग होता.

झितरू खाली बसला. पाय तिथंच होता.

"हा मी ठोकला."

"कवा?"

"तू दवाखान्यात होती तवा."

मैनाबाई उभीच होती.  तिनं विचारलं ते सावकाश, एकेक शब्द वेगळा करून.

"तुमी तिले मोहाखाली ठेवलं. तुमी सांगतलं मले. तापात होती मी, तरी मले याद हाये. मोहाखाली ठेवलं, दूध वाह्यलं, सांगतलं."

"निंघालो होतो. नाल्यापाशी वाघीण होती. बच्चे होते संगं. मी परत आलो. उन्हं उतरल्यावर अजून निंघालो. ते तिथंच बसून. मले पाह्यलं तिनं. उठून उभी राह्यली."

"मंग?"

"मंग परत आलो. किती वेळ घेऊन बसाचं लेकराले? इथं ठेवलं. वर खिळा ठोकला, कोणी हात लावू नाई म्हणून. कोठी सरकवली वरतं. सारवलं."

"कोणाले संगं न्याचं होतं."

"कोणाले?"

"दादाजीले. नामाले. आख्खं गाव होतं."

"गावाले काय सांगू? झितरू भेला म्हणून?" त्याचा आवाज एकदम चढला आणि तसाच उतरला. "भेलो होतो मी."

चितळं पुन्हा चरायला लागली होती. मैनाबाई ज्या जागी त्याचा पाय होता तिच्याकडे बघत होती.

"कोठी तं मी हलवली होती," ती म्हणाली. "उंदरं झाले म्हणून. वसंताच्या येळेस."

"मी नोको म्हटलं होतं तुले. तू आयकलं नाई."

"आन् तिथं आंथरून टाकलं मी."

"हो."

"तुमी टाकू देलं."

"काय सांगत होतो?"

"वसंताले तिथंच पाजलं मी. सारे दिवस तिथंच. आन् मोहाले दूध घालाले जात होती." ती हसल्यासारखं करून थांबली. "ते मातीबी मोहाचीच नेली म्हणा."

तेवढ्यात बाहेरून छाया ओरडली, "सापडला! आजी, चौथा सापडला!" ती धावत आली. हातात खिळा होता, तसाच चौकोनी, तसाच चपट्या डोक्याचा. डुकरांनी तो बराच लांब ओढून नेला होता. छायाचा चेहरा आनंदानं फुलला होता. आमच्याजवळ पोचेपर्यंत तो आनंद कमी होत गेला. तिनं खिळा मैनाबाईच्या हातात दिला.

"झाले चार," झितरू म्हणाला. "चाल आता."

मैनाबाईनं चौथा खिळा पदरात बांधला. "सगळं लोखंड म्हणला भुमक."

"त्याले ह्याचं काय माहीत?"

"ज्याले माहीत पायजे त्याले हाये."

"वसंताची माय, आयक. खिळा काढला तं ते उघडी पडन. इतके साल झाकून होती."

"आन् नाई काढला तं सुनेचं जाईन. तिसरं."

"नाई जात. चार भेटले ना."

"तुमी सांगता?" ती म्हणाली. "तुमच्या सांगण्यावरच चालली होती मी."

 झितरूनं पाय काढून घेतला.

मैनाबाई छायाकडे वळली. "बाई, तुमी सगळे गाडीपाशी जा."

"आजी, एकटं सोडता येत नाही मला. नियम आहे. इथं वाघाचं येणं-जाणं आहे."

"मले माहीत हाये वाघाचं," मैनाबाई म्हणाली. "मंग पाठ करून उभे राहा."

आम्ही चिंचेपर्यंत गेलो आणि पाठ करून उभे राहिलो. छाया, मी, आणि थोडं बाजूला झितरू. खुरपं मैनाबाईजवळच राहिलं होतं. छायानं यंत्राची कळ बंद केली. सकाळपासूनची ती गुणगुण थांबल्यावर मैदान फारच मोठं वाटायला लागलं.

पाठीमागून गवताचा आवाज आला. लोखंडाचा आला की नाही, मला सांगता येणार नाही. पोलीस ठाण्यात, कोर्टाच्या व्हरांड्यात मी आयुष्यभर लोकांना विचारत आलो की तुम्ही ऐकलं, की तुम्हाला ऐकल्यासारखं वाटलं. मला ऐकल्यासारखं वाटलं. झितरूनं दोन्ही हातांनी चिंचेचं खोड धरलं होतं.

"चाला," मैनाबाई मागून म्हणाली.

आम्ही वळलो. ती दारातून बाहेर येत होती. उंबऱ्याशी पाय उचलला, चौकटीखाली वाकली. पदराच्या टोकाची गाठ तिनं मुठीत धरली होती आणि मूठ पोटाशी. खुरपं पुसून स्वच्छ केलेलं होतं.

छाया काड्या उपटायला परत गेली, मी तिच्यासोबत गेलो. त्या जागी माती सपाट होती. तळहातानं सारवल्यासारखे बोटांचे अर्धगोल उमटले होते. खणून बुजवली असती तरी तशीच दिसली असती आणि न खणता फक्त हात फिरवला असता तरी तशीच. छायाच्या हातात यंत्र होतं. ते सुरू करून एकदा फिरवलं असतं तर कळलं असतं. तिनं ते खांद्यावर टाकलं.

परतताना मोहाचं झाड जवळ आलं तशी छायानं गाडी हळू केली. "थांबू का आजी?"

"नोको."

झाड मागे गेलं. नाल्याच्या उतारावर मैनाबाई म्हणाली, "थांब."

ती उतरून मागे चालत गेली, बाटलीतलं उरलेलं दूध झाडाच्या बुडाशी ओतलं आणि परत आली.

"त्याले सवय झाली असंन," ती म्हणाली.



नाक्यावर फोनला रेंज आली. डेस्कवरून विचारलं, किती फास मिळाले?

"एकही नाही."

"मग बातमी काय?"

"मिळाले नाहीत, ही."

दुसऱ्या दिवशी ती आतल्या पानावर एका कॉलमात आली. तिच्यात पिंपरडोहचं नाव नव्हतं.

पावसाळा संपता संपता छायाचा फोन आला. मैनाबाईच्या सुनेला मुलगी झाली होती. दिवस भरायच्या थोडी आधी झाली, काही दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, पण दोघी बऱ्या होत्या. मी दिवाळीनंतर दुसऱ्या एका कामासाठी त्या रस्त्यानं गेलो तेव्हा नव्या पिंपरडोहला थांबलो. एकाच मापाची घरं, एकाच रंगाची. मैनाबाईचं घर विचारावं लागलं.

तिनं ओळखलं. खाट टाकली, चहा ठेवला. नातीला मांडीवर घेऊन दाखवली. अंगणातल्या त्या मातीच्या ओट्यावर दुधाचा ओला डाग होता. मी घराच्या कोपऱ्यांकडे बघत होतो हे तिच्या लक्षात आलं.

"ठोकले जी. भुमकानं येऊन ठोकले."

"किती ठोकले?"

"कोपरे किती असते घराले?"

ती हसली आणि कपात चहा ओतायला लागली. मी पुन्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं; त्या वेळी बाळ रडायला लागलं.

झितरू घराच्या मागे कुंपणाशी बसून दोर वळत होता. मी त्याच्याजवळ बसलो. त्यालाही तेच विचारलं.

"मी इचारलं नाई," तो म्हणाला.

"आणि त्यांनी सांगितलं नाही?"

"नाई."

"बोलत नाहीत का?"

"बोलते ना. जेवा म्हणते. पाणी काढलं म्हणते. दार लावा म्हणते." त्यानं दोराला पीळ दिला. "बोलते."

मैनाबाई त्यानंतर तीन वर्षांनी गेली. तिची नात आता शाळेत जाते. झितरू आहे. छाया सांगते, त्याला आता कमी दिसतं, आणि ती गस्तीवरून परत जाताना दिसली की तो रस्त्यावर येतो आणि पिंपरडोहला गेली होती का, एवढंच विचारतो. ती हो म्हणते. 

फासांची फेरी त्या मैदानात दर महिन्याला होते. छाया बोअरिंगच्या ओट्यापर्यंत यंत्र चालू ठेवायची. तिथं ते बंद करायची, घराच्या जागेवरून चालत जायची आणि पलीकडे पुन्हा सुरू करायची. मी तिला एकदा विचारलं, एवढी वर्षं तुला जाणून घ्यावंसं वाटलं नाही?

"आजीनं पाठ करायला सांगितलं होतं," ती म्हणाली. "नंतर ती फक्त चाला म्हणाली, बघा म्हणाली नाही."

गेल्या आठवड्यात छायाच्या बदलीचा आदेश आला. यंत्र तिनं नव्या वनरक्षकाच्या ताब्यात दिलं. फासांच्या जागा, पाणवठे, डुकरांच्या वाटा, सगळं त्याला फिरून दाखवलं. बोअरिंगच्या ओट्याबद्दल काही सांगितलं का, असं मी फोनवर विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "काय म्हणून सांगू?"

पिंपरडोहच्या मैदानात त्याची पहिली फेरी सोमवारी आहे.